डॉक्टरसाहेब, एक सुई लावून द्या!

पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांमधल्या छोट्या दवाखान्यांसमोर चपलांचा ढीग दिसू लागतो. ताप, सर्दी, जुलाब, अंगदुखी. आत गेलेला माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घेऊन बाहेर येतो, सुई किंवा सलाईन. डॉक्टरांनी नुसती गोळी लिहून दिली तर घरी सासू विचारते, "सुई नाही लावली? मग पाहिलं काय त्यानं?"

आम्ही काही जणी आधी दवाखान्यात नर्सचे काम करत होतो, आता नागपूरच्या वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करतो. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर तीस वर्षांपासून वस्तीतच दवाखाना चालवतात. ते म्हणतात, "ताई, मी सुई नाही दिली तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जातो. तो डॉक्टर सुई देतो आणि चांगला ठरतो." म्हणजे आपण सुई मागतो म्हणून डॉक्टर देतात, आणि डॉक्टर देतात म्हणून आपल्याला वाटते की सुईशिवाय आजार बरा होत नाही. या देवाणघेवाणीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो: मला झाले काय आहे?

आधी सलाईनचेच पाहू, कारण सर्वात जास्त पैसा तिथे जातो. साधी सलाईनची बाटली ५०० मिलिलीटरची असते. तिच्यात पाणी असते आणि साडेचार ग्रॅम मीठ. चहाचा एक चमचाही भरत नाही इतके. दुसरी बाटली ग्लुकोजची. तिच्यात २५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पाच-सहा चमचे साखरेएवढे. ज्वारीची एक भाकर खाल्ली तर यापेक्षा दुप्पट ताकद मिळते. काही दवाखान्यांत बाटली पिवळी असते आणि तिला "ताकदीची बाटल" म्हणतात. तो पिवळा रंग जीवनसत्त्वाच्या इंजेक्शनचा. लघवीलाही मग पिवळे होते, कारण शरीराला नको असलेला भाग तिथून निघून जातो. ज्या मजुरीवर त्या दिवशी घरात भाजी आली असती, ती अशी वाहून जाते.

मग सलाईन लावल्यावर बरे का वाटते? उन्हातान्हात राबलेल्या माणसाच्या अंगात पाणी कमी पडलेले असते, ते मिळते. तास-दीड तास पंख्याखाली पडून राहायला मिळते. घरातले कोणीतरी शेजारी बसते. आणि बरेचदा त्याच बाटलीत दुखणे थांबवणारे औषध सोडलेले असते. बाईला तर वर्षात तेवढाच एक तास आडवे व्हायला मिळतो, असे आम्हाला कधी कधी वाटते.

सलाईन वाईट नाही. ती ज्याला लागते त्याचा जीव वाचवते. पोटात पाण्याचा थेंब टिकत नाही इतक्या उलट्या होत आहेत, जुलाबांनी माणूस गळून गेला आहे, लेकरू पाणी पिण्याइतकेही शुद्धीवर नाही, डेंग्यूत रक्तदाब खाली गेला आहे, अशा वेळी सलाईन लागतेच आणि ती दवाखान्यात नजरेखाली लागते. पण तोंडाने पिता येत असेल तर पाणी तोंडानेच द्यायचे. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसाला "अशक्तपणा आहे" म्हणून दोन-तीन बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसात भरते आणि धाप लागते.

सुईचे तसेच. ताप-अंगदुखीची जी सुई कमरेवर देतात ती बहुधा डायक्लोफिनॅकची असते. काही जण तिच्यासोबत डेक्सा नावाचे स्टेरॉइड देतात. स्टेरॉइडने दोन तासांत तरतरी येते, भूक लागते, दुखणे पळते. मूळ आजार मात्र आत तसाच चालू असतो. असे वारंवार घेतले तर साखर वाढते, चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, हाडे ठिसूळ होतात. शिवाय सुई नवी आहे का, पाकीट समोर फोडले का, हेही पाहायला हवे. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि अनेक माणसे दगावली. तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे समोर आले होते. म्हणून सुई लागणारच असेल तर "पाकीट माझ्यासमोर फोडा" एवढे म्हणायला लाजू नका.

आता तापाकडे येऊ. ताप हा आजार नाही, आजाराची खूण आहे. साध्या तापाला पॅरासिटामॉलची गोळी पुरते. ती एक-दोन रुपयांची असते. मोठ्या माणसाने ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी, दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचे अंतर ठेवावे, दिवसात चारपेक्षा जास्त घेऊ नयेत. सर्दीच्या अनेक तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते, तेव्हा ती आणि ही अशा दोन्ही सोबत घेतल्या तर नकळत दुप्पट पोटात जाते. रोज दारू पिणाऱ्या माणसाचे यकृत आधीच थकलेले असते. त्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

लेकरांच्या औषधात एक फसगत होते, ती नीट समजून घ्या. तापाच्या औषधाच्या सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. एका बाटलीत ५ मिलिलीटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत त्याच ५ मिलिलीटरमध्ये २५०. मागच्या वेळी एक झाकण दिले होते म्हणून या वेळीही एक झाकण, असे केले तर दुप्पट जाऊ शकते. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर १० किलोच्या लेकराला एका वेळी १५० मिलिग्रॅम लागते. १२५च्या बाटलीतून ते ६ मिलिलीटर होते, २५०च्या बाटलीतून फक्त ३. अंगणवाडीत वजन होतेच, ते लक्षात ठेवा आणि औषध लिहून घेताना डॉक्टरांना सांगा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर मात्र घरी काहीच करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंतचा ताप डेंग्यू किंवा मलेरियाचा असू शकतो. दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासायला हवे. अशा तापात ब्रुफेन, डायक्लो, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या घ्यायच्या नाहीत आणि कमरेवरची सुईही नको, कारण डेंग्यूत रक्त गोठण्याची ताकद कमी होते, सुईच्या जागी रक्त साकळते, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि डेंग्यूची सर्वात फसवी गोष्ट ही, की धोका ताप असताना नाही, ताप उतरल्यावर असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात अंग थंड पडते, घरचे म्हणतात बरे झाले, माणूस कामावर निघतो. त्याच वेळी पोटात जोराने दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आले, हातपाय गार पडले, लेकरू मलूल झाले, तर वाट पाहायची नाही. पपईच्या पानांच्या रसात तो दिवस घालवू नका.

सर्दी-खोकला. नेहमीची सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपोआप जाते. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. औषधाच्या दुकानातून "ती तीन दिवसांची गोळी द्या" म्हणून अझिथ्रोमायसिन घेणे आपल्याकडे इतके रुळले आहे की लोकांना ते नाव पाठ आहे. ज्या पट्टीवर उभी लाल रेघ असते ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. उगाच घेत राहिलो तर जंतू त्या औषधाला सरावतात आणि खरा न्यूमोनिया होतो तेव्हा तेच औषध चालत नाही.

लेकरांच्या खोकल्याच्या औषधाबद्दल तर नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या छिंदवाड्यातली वीसहून अधिक लेकरे खोकल्याच्या औषधाने गेली. त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले, त्याने किडन्या बंद पडल्या. त्यातली अनेक लेकरे उपचाराला आपल्याच शहरात आणली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या लेकरांना सर्दी-खोकल्याची औषधे द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. मग द्यायचे काय? कोमट पाणी, अंगावरचे दूध, वर्षावरच्या लेकराला अर्धा चमचा मध, नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे थेंब. एक वर्षाच्या आत मध नको.

यात एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून पाहायची, ती म्हणजे श्वास. लेकरू शांत असताना त्याचे पोट उघडे करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ज्याला आपण छाती उडते म्हणतो, तर त्याच घटकेला दवाखाना. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा लांबला तर थुंकीची तपासणी. ती सरकारी केंद्रात फुकट होते, टीबी निघाला तर औषधही फुकट आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. "तंबाखूचा खोकला आहे" म्हणत सहा महिने काढणारे पुरुष आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत.

जुलाबांना सर्वात स्वस्त औषध आहे आणि तेच सर्वात कमी वापरले जाते. ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. त्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा योग्य मापात मिसळून पाण्यातून पाजायला सांगितले, तेही नातेवाइकांच्या हातून. हजारो माणसे वाचली. ज्यांना पिता येते त्यांना सलाईनची गरज नाही, हे तिथे सिद्ध झाले. आज ते पाकीट आशाताईकडे फुकट मिळते. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकाच वेळी घालायचे. थोडे आज, थोडे उद्या असे करायचे नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झाले तर अपाय होतो. चव घेऊन पाहा, डोळ्यांतल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. बनवलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचे. प्रत्येक जुलाबानंतर लहान लेकराला चमच्या-चमच्याने पाव ते अर्धा कप, मोठ्याला हवे तितके. अंगावरचे दूध, भाताची पेज, वरणाचे पाणी बंद करायचे नाही. पाच वर्षांखालच्या लेकराला सोबत झिंकची गोळी १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. दुकानात ओआरएससारखे दिसणारे गोड पाण्याचे डबे मिळत होते. त्यात साखर फार, क्षार थोडे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी घातली. शौचातून रक्त आले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा लेकरू पाणीही नाकारू लागले, तर दवाखाना.

अ‍ॅसिडिटीबद्दल थोडक्यात. रिकाम्या पोटी चार कप चहा, खर्रा आणि गुडघेदुखीच्या गोळ्या, ही तीन कारणे काढली तर निम्मी जळजळ जाईल. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत दाटून आले, घाम फुटला, दुखणे डाव्या हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीत गेले, तर "गॅस झाला" म्हणून सोडा-लिंबू पाजत बसू नका. बायांना कधी छातीत दुखत नाही, नुसतीच धाप लागते, मळमळते, एकदम थकवा येतो. १०८ला फोन करा आणि ईसीजी काढा. पहिला तास सर्वात मोलाचा.

आता त्या दुखण्याकडे येतो, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला. "हातपाय दुखतात, थकवा येतो, ताकद नाही." वस्तीतल्या दवाखान्यात सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच आणि सर्वात जास्त सुया हिलाच लागतात. बाईने ही तक्रार केली तर आधी हिमोग्लोबिन पाहायचे. १२च्या खाली असेल तर रक्त कमी आहे, आणि त्यावर लोहाची गोळी सरकारी केंद्रात फुकट आहे. ती चहासोबत घेऊ नये, लिंबू पिळलेल्या जेवणानंतर घ्यावी. शौच काळी होते, घाबरू नये.

पण पूर्व विदर्भात एवढ्यावर थांबून चालत नाही. इथे आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आम्ही भेटलेल्या एका घरात नऊ वर्षांची मुलगी होती. दर हिवाळ्यात तिचे हातपाय दुखायचे, डोळे पिवळे दिसायचे, शाळा बुडायची. चार वर्षे तिला दुखण्याच्या सुया आणि रक्तवाढीची औषधे मिळाली. वात आहे, काविळीचा अंश आहे, बाहेरचे आहे, असे सगळे सांगून झाले. बोटाच्या एका थेंबाची तपासणी कोणी सांगितली नव्हती. ती केली तेव्हा सिकलसेल निघाला. मग तिच्या धाकट्या भावाची केली, त्यालाही तेच. आई गप्प बसून राहिली, मग एवढेच म्हणाली, "सुयांचे पैसे मी धुणीभांडी करून दिले ना ताई."

सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार. गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांमध्ये अडकतात, तिथे रक्त पोहोचत नाही आणि असह्य दुखते. तान्ह्या बाळाच्या हातापायाचे पंजे सुजणे ही पहिली खूण असते. पुढे सांधे-हाडे दुखणे, फिकटपणा, डोळे पिवळे होणे, वारंवार ताप. हा जादूटोणा नाही की मागच्या जन्मीचे काही नाही. हा गुण एकाच बाजूने आला असेल तर माणसाला मलेरियाचा जोर कमी बाधतो, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात राहिलेल्या समाजांत तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. एका बाजूने आला तर माणूस वाहक, ज्याला एएस म्हणतात. तो रुग्ण नाही, त्याला औषध लागत नाही. आई आणि बाप दोघांकडून आला तर एसएस, तो आजार.

एसएस असलेल्या लेकराला रोज फॉलिक अ‍ॅसिड लागते, भरपूर पाणी लागते, थंडी आणि अति दमणूक टाळावी लागते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीत नियमित घेतले तर दुखण्याचे झटके कमी होतात. अशा लेकराला ताप आला तर तो साधा ताप समजायचा नाही, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचे. आणि लोहाची गोळी तपासणीशिवाय द्यायची नाही, कारण इथे रक्त लोहाअभावी कमी झालेले नसते. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

अवघड गोष्ट पुढेच आहे. तपासणीला आम्ही जातो तेव्हा लहान लेकरांना पुढे करतात, पण वयात आलेल्या मुलीला घरात ठेवतात. "रिपोर्ट निघाला तर सोयरीक मोडेल." ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही, मोडलेल्या सोयरिकी आम्ही पाहिल्या आहेत. पण गणित समजून घ्या. वाहक मुलीचे लग्न सिकलसेल नसलेल्या मुलाशी झाले तर एकाही लेकराला हा आजार होत नाही, फार तर काही वाहक होतील. मुलगा-मुलगी दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी लेकरू होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न आधीच झालेले असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत मेडिकल, मेयो किंवा डागा दवाखान्यात जाऊन गर्भाच्या तपासणीबद्दल विचारता येते. लपवून ठेवले तर हे काहीच करता येत नाही. मुलीलाच नाही, मुलालाही तपासा. बोलणी करताना मुलाकडच्यांचा कागद आधी मागा.

नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षे काम केले, २०१८ साली त्या कामाची पद्मश्रीने नोंद झाली. २०२३ पासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही चालू आहे. तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, आयुष्यात एकदाच करावी लागते आणि रिपोर्ट जन्मभर जपून ठेवायचा असतो.

दवाखान्यात जाताना घरातले सगळे जुने कागद आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घेऊन जा. बीपी-साखरेच्या गोळ्या चालू असतील तर तसे सांगा, बरे वाटले म्हणून त्या मध्येच बंद करू नका. आत गेल्यावर "सुई लावून द्या" याऐवजी विचारा, "साहेब, मला काय झालंय? कोणती तपासणी लागेल? कशी लक्षणं दिसली तर परत येऊ?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आमच्या ओळखीचे ते डॉक्टर तर म्हणाले, असे विचारणारा पेशंट दिवसातून एक जरी आला तरी बरे वाटते. आणि चिठ्ठीवर सुई नसेल तर घरातल्या सासूबाईंना हा लेख वाचून दाखवा.

विहारात रक्तदान शिबिरे होतात, त्याच दिवशी सिकलसेल आणि हिमोग्लोबिनच्या तपासणीचे टेबल लावता येते. त्यासाठी जवळच्या नागरी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पंधरा दिवस आधी पत्र द्यावे लागते. पत्रात वस्तीचे नाव, अंदाजे किती लोक येतील आणि पिण्याचे पाणी, टेबल, वीज यांची सोय आहे एवढे लिहिले तरी पुरते.